चार्टची रेंज आपोआप वाढवणारा मॅक्रो : जिनिंगच्या कचेरीतून एक परीक्षण

जळगाव जिल्ह्याच्या धरणगाव-अमळनेर पट्ट्यातील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून उरलेल्या रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी हिशेबाचे काम पाहतो. दिवाळीच्या सुमारास कापूस येऊ लागला की रोज संध्याकाळी काटा बंद झाल्यावर ठरलेले आकडे एक्सेलच्या शीटमध्ये भरावे लागतात : किती क्विंटल कापूस आला, त्यात ओलावा किती होता, रुई किती निघाली, सरकी किती पडली, किती गाठी बांधल्या गेल्या आणि विजेचे किती युनिट लागले. या आकड्यांवरून चौदा चार्ट तयार होतात आणि त्यांतील निवडक चार्ट छापून कचेरीच्या भिंतीवर लावले जातात. या चार्टची डेटा रेंज, म्हणजे ज्या खान्यांतून चार्ट आकडे घेतो तो भाग, रोज नवी ओळ भरली की आपोआप वाढावी, यासाठी मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधील व्हीबीए भाषेत लिहिलेला आज्ञांचा संच, कितपत उपयोगी पडतो, कोठे दगा देतो आणि कोठे त्याची गरजच नसते, हे या परीक्षणात मांडले आहे.

चार्टचे एवढे महत्त्व कशासाठी, असे जिनिंगबाहेरच्या वाचकाला वाटू शकेल. आमच्या धंद्याचा जीव उताऱ्यात, म्हणजे कापसातून किती रुई निघते त्या प्रमाणात, असतो. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते. दिवसाला ५०० क्विंटल कापूस जिनिंगला जात असेल आणि उतारा क्विंटलमागे एका किलोने घसरला, तर ५०० किलो रुई कमी पडते. १७० किलोच्या गाठीच्या हिशेबाने जवळजवळ तीन गाठी. मात्र एका दिवसाच्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण पहिल्या वेचणीचा ओला कापूस आला की आकडा वेगळा, कोरडा आला की वेगळा. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करताना ८ टक्के ओलावा प्रमाण धरते आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेत नाही. पण खासगी जिनिंगमध्ये सगळ्या प्रकारचा माल येतो. म्हणून गेल्या तीस दिवसांची रेघ समोर असावी लागते. ती सावकाश खाली येत असेल तर मालाकडे पाहायचे, आणि एकाएकी पडली असेल तर जिनच्या रोलरकडे.

पहिल्या हंगामात मी मॅक्रो लिहिला नाही, रेकॉर्ड केला. एक्सेलच्या डेव्हलपर टॅबवर रेकॉर्ड मॅक्रो हे बटण आहे. ते दाबून मी चार्टची रेंज हाताने वाढवली, रेकॉर्डिंग थांबवले आणि त्या मॅक्रोला एक बटण जोडून मोकळा झालो. पुढे पाच दिवस मी मोठ्या विश्वासाने ते बटण दाबत राहिलो आणि चार्ट छापत राहिलो. सहाव्या दिवशी मालकांचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, भिंतीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, हाई रेघ आठेच काब्र थांबनी?" रेघ खरोखरच महिन्याच्या शेवटच्या तारखेवर थांबली होती. रेकॉर्डरने मी केलेली कृती नोंदवली होती, माझा हेतू नव्हे. कोडमध्ये पहिल्या ओळीपासून बत्तिसाव्या ओळीपर्यंतचा पक्का पत्ता लिहिला गेला होता आणि बटण दाबले की चार्टला पुन्हा पुन्हा तोच पत्ता दिला जात होता. चूक सर्वस्वी माझी होती, कारण रेकॉर्ड झालेला कोड मी एकदाही उघडून वाचला नव्हता.

त्यानंतर मी मॅक्रोच्या वाटेला जाण्याआधी मॅक्रोशिवायचे उपाय पाहिले, आणि बहुतेक वाचकांना तेवढेच पुरेल असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे एक्सेलचे टेबल. आकड्यांच्या भागात कोठेही क्लिक करून कंट्रोल आणि टी ही बटणे दाबली की त्या भागाचे टेबल होते. त्यावर काढलेला चार्ट, शेवटच्या ओळीखाली नवी तारीख लिहिताच ती ओळ स्वतःमध्ये सामावून घेतो. कोड नाही, बटण नाही, सुरक्षेची पिवळी पट्टी नाही. दोन ठिकाणी मात्र टेबल अडते. शीटला पासवर्ड लावून ते संरक्षित केले तर टेबल खाली वाढत नाही. आणि टेबलाखाली एकूण बेरजेची ओळ चालू ठेवली असेल तर तिच्याखाली लिहिलेले टेबलात जात नाही, त्यासाठी शेवटच्या खान्यात टॅब दाबावे लागते. किराणा दुकानाची विक्री, दूध डेअरीचे रोजचे संकलन, शाळेची हजेरी असे ज्याचे काम सरळ खाली वाढत जाते, त्याने टेबल करावे आणि या परीक्षणाचा उरलेला भाग सोडून दिला तरी चालेल.

आमची अडचण अशी की आम्हाला सगळा हंगाम नको, फक्त शेवटचे तीस दिवस हवे असतात. त्यासाठी दुसरा उपाय नावाच्या रेंजचा. नेम मॅनेजरमध्ये ऑफसेट आणि काउंटए या सूत्रांनी असे नाव तयार करता येते, की ते नेहमी शेवटच्या तीस ओळींकडेच बोट दाखवते. हा उपाय चालतो, पण त्याचे कंगोरे अनुभवानेच कळतात. हे नाव चार्टच्या एकूण डेटा रेंजच्या चौकटीत लिहिले तर एक्सेल ते स्वीकारते आणि लगेच त्याचा पक्का पत्ता करून टाकते. म्हणजे दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तीच थांबलेली रेघ. ते प्रत्येक मालिकेच्या (चार्टमधील एका रेघेच्या आकड्यांच्या) मूल्यांच्या चौकटीत, फाइलच्या किंवा शीटच्या नावासह, वेगळे लिहावे लागते. शिवाय काउंटए भरलेले खाने मोजते, त्यामुळे मध्ये एखाद्या रविवारची तारीख रिकामी राहिली की तीस ओळींची ही खिडकी एका ओळीने वर सरकते आणि ताजा दिवस चार्टबाहेर राहतो. एका चार्टला हे सर्व ठीक आहे. चौदा चार्टसाठी तारखांची आणि मालिकांची मिळून तीसच्या वर नावे झाली, आणि हंगाम बदलून एक स्तंभ वाढवला तेव्हा ती सगळी तपासताना माझी एक अख्खी दुपार गेली.

मॅक्रोची खरी जागा येथे आहे. व्हीबीए ही भाषा १९९३ साली एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आली आणि आजही तिची मूळ ठेवण फारशी बदललेली नाही. त्यामुळे जुन्या पुस्तकातून किंवा एखाद्या जाणत्याकडून शिकलेले बहुतेक सगळे लागू पडते. आमच्या मॅक्रोचे काम शब्दांत सांगायचे तर एवढेच : तारखेच्या स्तंभात अगदी तळापासून वर येत पहिला भरलेला खाना शोधायचा, त्या ओळीपासून मागे तीस ओळी मोजायच्या, आणि शीटवरील प्रत्येक चार्टच्या प्रत्येक मालिकेला ही नवी मूल्ये व नव्या तारखा द्यायच्या. वरून खाली शोधत गेलो तर मधल्या रिकाम्या खान्यात मॅक्रो अडकतो. तळातून वर आलो तर रविवारची रिकामी ओळ त्याला अडवत नाही. तळ म्हणजे किती, हेही मॅक्रोलाच मोजू द्यावे. पूर्वीच्या एक्सेलमध्ये शीटवर ६५,५३६ ओळी असत, २००७ च्या आवृत्तीपासून त्या १०,४८,५७६ झाल्या. जुन्या कोडमध्ये पहिला आकडा तसाच लिहिलेला अजूनही सापडतो. चौदा चार्टची रेंज हाताने बदलण्याऐवजी एक क्लिक, हा लाभ रोजचा आहे आणि तो मी नाकारणार नाही.

आता त्रुटींकडे येतो, कारण त्यांवर माझा सर्वांत जास्त वेळ गेला. उताऱ्याचा स्तंभ हा सूत्राचा असतो : रुई भागिले कापूस. सोयीसाठी मी ते सूत्र पुढच्या दोनशे ओळींत आधीच ओढून ठेवले होते आणि आकडे नसतील तेथे खाना रिकामा दिसावा अशी अट घातली होती. डोळ्यांना तो खाना रिकामा दिसतो, मॅक्रोच्या लेखी तो भरलेला असतो. सुरुवातीला मॅक्रो याच स्तंभावरून शेवटची ओळ शोधत होता; परिणामी त्याने ती एप्रिलमध्ये शोधली, आणि चार्टने न आलेल्या दिवसांचा उतारा शून्य दाखवला, कारण रिकामा मजकूरही रेषेच्या चार्टमध्ये शून्य म्हणूनच काढला जातो. यावर दोन उपाय एकदम करावेत. शेवटची ओळ नेहमी हाताने भरल्या जाणाऱ्या स्तंभावरून, आमच्याकडे तारखेवरून, ठरवावी. आणि सूत्रातून रिकाम्या मजकुराऐवजी एनए हे मूल्य द्यावे, म्हणजे त्या जागी शून्याचा खड्डा पडत नाही.

दुसरी गंमत हंगामाच्या पहिल्या आठवड्यात झाली. चार्टला एकदम पूर्ण रेंज देणारी सेटसोर्सडेटा ही आज्ञा सर्वांत सोपी, म्हणून मी आधी तीच वापरली होती. मालिका स्तंभांत आहेत की ओळींत, हे तिला सांगितले नाही तर एक्सेल स्वतः अंदाज बांधते, आणि तो अंदाज ओळी जास्त की स्तंभ जास्त यावर चालतो. कापूस येऊन तीनच दिवस झाले होते, स्तंभ मात्र सहा. चार्ट उलटा झाला आणि तारखांच्या जागी ओलावा, सरकी अशी शीर्षके आली. आज्ञेत स्तंभ हा पर्याय स्पष्ट लिहिला की हे थांबते. तरीही मी पुढे मालिकांना वेगवेगळी मूल्ये देण्याची लांबची पद्धतच कायम ठेवली, कारण आमच्या दोन चार्टमध्ये एक मालिका उजव्या अक्षावर आहे आणि तिची मांडणी मला दर वेळी तपासत बसायची नव्हती.

मॅक्रो कधी चालवावा, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. शीटवर काहीही बदलले की आपोआप चालणारी चेंज ही घटना एक्सेलमध्ये आहे, आणि नवशिक्याला तीच आदर्श वाटते. मलाही वाटली. पण मॅक्रोने फाइलमध्ये काही बदल केला की एक्सेलची पूर्ववत करण्याची यादी पुसली जाते. म्हणजे आमच्या काट्यावरच्या मुलाने ४८ ऐवजी ८४ लिहून एंटर दाबले, की त्याचा कंट्रोल-झेड गेला. आधीचा आकडा काय होता हे कोणालाच आठवत नाही आणि काटापावतीचे पुस्तक पुन्हा उघडावे लागते. हिशेबाच्या कामात ही किंमत फार आहे. त्यातच, चेंज ही घटना फक्त खान्यात लिहिल्यावर घडते. सूत्राचे उत्तर बदलले म्हणून घडत नाही, त्यामुळे दुसऱ्या फाइलमधून येणारे विजेचे युनिट बदलले तरी मॅक्रो चालत नाही. आणि मॅक्रो स्वतःच एखाद्या खान्यात लिहीत असेल तर तो स्वतःलाच पुन्हा हाक मारतो; ते टाळण्यासाठी घटना तात्पुरत्या बंद कराव्या लागतात, आणि मध्येच चूक होऊन मॅक्रो थांबला तर त्या बंदच राहतात. एकदा असे होऊन दोन दिवस कोणताही स्वयंचलित मॅक्रो चालेना, आणि मी कोडमध्ये दोष शोधत बसलो होतो. आता आमच्याकडे मॅक्रो बटणावर चालतो, आणि छापण्याआधीच ते बटण दाबायचे असा रिवाज आहे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगणे आवश्यक आहे, कारण इंग्रजी मार्गदर्शनात ती सहसा सापडत नाही. आमच्या शीटची नावे उतारा, ओलावा, गाठी अशी देवनागरीत आहेत आणि एक्सेलला त्यात काही अडचण नाही. मात्र ज्या खिडकीत व्हीबीए कोड लिहिला जातो तिला युनिकोड, म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिपींसाठीची संगणकाची अक्षरपद्धती, कळत नाही. तेथे 'उतारा' लिहिले की त्याची प्रश्नचिन्हे होतात आणि मॅक्रोला ते शीट सापडत नाही. संदेशाच्या चौकटीतही तीच प्रश्नचिन्हे दिसतात. व्हीबीएच्या आत मात्र मजकूर युनिकोडमध्येच असतो, त्यामुळे वाट काढता येते : शीटची मराठी नावे एका वेगळ्या शीटवर खान्यांत लिहून ठेवावीत आणि मॅक्रोने ती तेथून वाचावीत. किंवा प्रत्येक शीटला कोडच्या खिडकीत जे वेगळे अंतर्गत नाव असते, ते रोमन लिपीत ठेवून तेच वापरावे. मग बाहेरच्या टॅबवरचे मराठी नाव कोणी बदलले तरी मॅक्रो बिघडत नाही. मी दुसरा मार्ग घेतला. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेल्या आमच्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फाइली या बाबतीत मुळीच त्रास देत नाहीत, कारण त्या दिसायला मराठी आणि आतून रोमन अक्षरेच आहेत. अर्थात त्यांच्या टॅबवर काय लिहिले आहे ते कोणालाच वाचता येत नाही.

फाइल पाठवण्याचा प्रश्न यापुढचा. मॅक्रो असलेली फाइल एक्सएलएसएम या प्रकारात जतन करावी लागते. सवयीने एक्सएलएसएक्स निवडले आणि समोर आलेला इशारा न वाचता पुढे गेलो की मॅक्रो गळून पडतात. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो २०२२ पासून मुळातच अडवले जातात, आणि ते योग्यच आहे, कारण मॅक्रोमधून घातक कोडही येतो. आपलीच फाइल ई-मेलने घरच्या संगणकावर नेली की वर लाल पट्टी येते. तेव्हा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकची खूण करावी, मात्र फाइल स्वतःची आहे याची खात्री असेल तरच. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालतच नाही. आमच्या मालकांना चार्ट मोबाइलवरच पाहायचा असतो, म्हणून मॅक्रोच्या शेवटी एक ओळ घालून प्रत्येक चार्टचे चित्र एका फोल्डरमध्ये जतन होईल असे केले, आणि रोज सात वाजता चित्रेच व्हॉट्सॲपवर जातात. रेंज वाढवण्याइतकीच ही सोय मला मोलाची वाटते.

तयार मॅक्रो विकत घेण्याचा अनुभवही आहे. मधल्या एका हंगामात तालुक्याच्या गावातील एका संगणकवाल्याकडून आम्ही पैसे देऊन तयार फाइल घेतली होती. ती दिसायला देखणी होती आणि महिनाभर नीट चालली. पुढे सरकीचे दोन दर्जे वेगळे दाखवण्यासाठी एक स्तंभ मध्ये घातला, तेव्हा सगळे चार्ट एका स्तंभाने चुकले. कोडवर पासवर्ड होता, आणि फाइल देणाऱ्याने प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे सांगितले. मॅक्रो विकत घेण्यास माझा विरोध नाही, परंतु कोड उघडा मिळणार आहे का आणि स्तंभ त्याच्या क्रमांकावरून शोधला जातो की शीर्षकावरून, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारावेत. शीर्षक वाचून स्तंभ शोधणारा मॅक्रो लिहायला चार ओळी जास्त लागतात आणि पुढे कित्येक संध्याकाळी वाचतात.

एक्सेल ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी लिब्रेऑफिस कॅल्क हा मोफत पर्याय मी घरी वापरून पाहिला. तेथे चार्टच्या मालिकेला नावाची रेंज देता येत नाही, त्यामुळे मॅक्रोची गरज एक्सेलपेक्षा जास्त पडते. तिथला मॅक्रो चार्टला नावाने शोधून सेटरेंजेस या आज्ञेने नवा पत्ता देतो, आणि त्याच्या कोडच्या खिडकीत देवनागरी व्यवस्थित लिहिता येते, हे पाहून मला एक्सेलबद्दल थोडे वाईट वाटले. मॅक्रो रेकॉर्ड करण्याची सोय मात्र तेथे मुळात बंद असते आणि प्रगत पर्यायांत जाऊन चालू करावी लागते. गूगल शीट्समध्ये चार्टची रेंज हजाराव्या ओळीपर्यंत आधीच देऊन ठेवता येते, रिकाम्या ओळी तो दाखवत नाही. पण हंगामात आमच्याकडे वीज आणि इंटरनेट दोन्ही आपल्या मर्जीने येतात-जातात, म्हणून तो मार्ग मी फार पुढे नेला नाही.

एकूण पाहता, दोन-तीन चार्ट असणाऱ्याने मॅक्रो करू नये. टेबलात त्याचे काम होते. चार्ट दहाच्या वर असतील, ठरावीक दिवसांची सरकती खिडकी हवी असेल आणि चित्रेही बाहेर काढायची असतील, तर मॅक्रोला पर्याय नाही, आणि आठवडाभर संध्याकाळी बसून तो स्वतः शिकून लिहिता येण्याजोगा आहे. मी बीकॉम आहे, संगणकाचे शिक्षण घेतलेले नाही.

आमच्या फाइलमध्ये अजून एक गोष्ट राहिली होती. उताऱ्यातील बारीक फरक दिसावा म्हणून चार्टचा उभा अक्ष मी ३२ ते ३७ असा पक्का बांधला होता. मॅक्रो रेंज बदलतो, अक्षाला हात लावत नाही. फरदडचा, म्हणजे मुख्य वेचण्या संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेल्या पिकाचा, हलका कापूस येऊ लागला आणि एका दिवशी उतारा ३१.६ निघाला, तेव्हा रेघ चार्टच्या तळातून खाली गेली आणि छापील कागदावर तो दिवस दिसेनासा झाला. आप्पांनी या वेळी काही विचारले नाही, पेन्सिलीने त्या जागी नुसते गोल केले. आता अक्षाची खालची मर्यादा एका खान्यात ठेवली आहे, तीस दिवसांतील सर्वांत कमी उताऱ्यापेक्षा एकने कमी, आणि मॅक्रो रेंज बदलून झाल्यावर ती तेथून वाचतो.